लक्ष्मीबाई टिळक : मोडलेला संसार पुन्हा जोडणारे मन

मानसिक आरोग्य हा शब्दप्रयोग मराठीत रूढ होण्याच्या कितीतरी आधी मराठी घरांत मने खचत होती, नाती ताणली जात होती आणि काही माणसे आपापल्या परीने त्यातून वाट काढत होती. अशी वाट काढणाऱ्यांत 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्यांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु वाङ्मयाचा मान क्षणभर बाजूला ठेवला, तरीही त्यांचे आयुष्य मोलाचे ठरते. नवराबायकोंत टोकाचा मतभेद झाल्यावर, समाजाने पाठ फिरवल्यावर आणि मन सैरभैर झाल्यावर एक बाई पुन्हा उभी कशी राहिली, याचा तो आलेख आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदाकाठी वसलेल्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. ज्या घरात त्या वाढल्या, त्या घरावर १८५७ च्या उठावाची गडद सावली होती. त्यांचे आजोळचे आजोबा वासुदेव भगवंत जोगळेकर यांना त्या धामधुमीत फाशी झाली. या घटनेचा आघात त्यांच्या जावयावर, म्हणजे मनकर्णिकेच्या वडिलांवर, कायमचा झाला. सोवळेओवळे त्या काळी सर्वच ब्राह्मण घरांत पाळले जाई. पण या घरात त्याने वेडाचे रूप घेतले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे आणि या धुण्यातून मीठ-साखरेचीही सुटका नव्हती.

अशा वागण्याला मराठीत मंत्रचळ हा जुना शब्द आहे. गेलेल्या माणसाच्या आजाराचे निदान आज शतकापलीकडून करणे योग्य नव्हे. परंतु त्या घराचे चित्र पाहिले, की एक गोष्ट स्पष्ट दिसते. एका माणसाच्या मनातील भीती त्याच्यापुरती राहत नाही, ती घराची शिस्त बनते. घरातील बाईचा दिवस त्या भीतीची समजूत घालण्यात सरतो, आणि मुले सतत सावध राहायला शिकतात. लक्ष्मीबाईंच्या आईने हे सर्व निमूटपणे सोसले. पुढे लक्ष्मीबाईंनी या घराविषयी लिहिले, तेव्हा वडिलांच्या विक्षिप्तपणावर पांघरूण घातले नाही आणि त्यांची हेटाळणीही केली नाही. त्या विक्षिप्तपणातील हास्यास्पद भाग त्यांनी मोकळेपणाने टिपला आणि त्यामागचे दुःखही ओळखले. जवळच्या माणसाच्या दोषाकडे असे पाहता येणे, ही त्यांच्या पुढील आयुष्याची मोठी शिदोरी ठरली.

तापट कवी आणि शहाणी बायको

वयाच्या ११ व्या वर्षी मनकर्णिकेचे लग्न झाले आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. पती नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. पुढे ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती आणि वडील वामनराव अत्यंत कडक व रागीट होते. बालपणी मायेची उणीव सोसलेला हा तरुण विलक्षण बुद्धिमान होता, पण तितकाच अस्थिर होता. एका गावी नोकरी धरावी, काही दिवसांत ती सोडावी, कोणालाही न सांगता घराबाहेर पडावे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकावा, असा त्यांचा स्वभाव. रागाचा भडका उडे तोही क्षणात आणि विझे तोही क्षणात. बाजारहाटासाठी पैसे देऊन पाठवावे, तर ते भलतीच वस्तू घेऊन परतत.

या संसारात लक्ष्मीबाईंनी दारिद्र्य पाहिले, आज या गावी तर उद्या त्या गावी असे बिऱ्हाड हलवले आणि पोटची काही मुले अगदी लहानपणीच गमावली. शिक्षण म्हणाल तर शाळा कशी असते हेही त्यांना ठाऊक नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्या आग्रहामुळे. दोघांची भांडणे पुष्कळ होत. परंतु त्या भांडणांत अबोल्याला फारसे स्थान नव्हते. लक्ष्मीबाई पतीला जे सुनवायचे ते सुनवत आणि टिळकही आपली चूक उमगल्यावर ती कबूल करायला संकोचत नसत. पतीपुढे ब्रही काढू नये, असे वळण असलेल्या काळात या घरात बोलणे चालू होते, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे जे संकट आले, त्यात हे बोलणेच कामाला आले.

१८९५ चा आघात

टिळक विचाराने कधीच स्वस्थ नव्हते. जातिभेद आणि कर्मकांड यांविषयी त्यांचे मन अनेक वर्षे धुमसत होते. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलची प्रत दिली आणि त्यांच्या शोधाला दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. हा निर्णय बायकोला विचारून झालेला नव्हता.

आज या घटनेची तीव्रता लक्षात येणे कठीण आहे. त्या काळी धर्मांतर करणारा माणूस आप्तांच्या लेखी मेल्यासारखाच असे. लक्ष्मीबाईंची स्थिती तर त्याहून विलक्षण झाली. पती जिवंत, पण त्यांच्याकडे जाता येत नाही. कपाळी कुंकू, पण संसार नाही. पदरी लहानगा दत्तू आणि भोवती कुजबुजणारा समाज. विधवेच्या दुःखाला समाजाने निदान एक ठरावीक जागा दिली होती. या दुःखाला तीही नव्हती. त्यांच्या मनाचा तोल ढळतो की काय, अशी धास्ती आप्तांना वाटू लागली.

त्या दिवसांत बहीण आणि मेहुणे यांनी त्यांना आधार दिला. काही काळ त्यांचा मुक्काम पंढरपूरलाही होता. कोणी उपदेश केला, कोणी टिळकांना नावे ठेवली. पण खरा उपयोग झाला तो रोजच्या सोबतीचा, वेळेवर समोर येणाऱ्या ताटाचा आणि रडू आले तर रडू देणाऱ्या माणसांचा. याच काळात आणखी एक गोष्ट घडली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने आपले दुःख पद्यात मांडायला सुरुवात केली. कवयित्री म्हणून नाव व्हावे, हा हेतू त्यामागे नव्हता. मनात कोंडलेले बाहेर यावे, एवढीच त्यामागची निकड. दुःखाला शब्द मिळाले, की ते थोडे दूर धरून पाहता येते, हे लक्ष्मीबाईंना कोणी शिकवले नव्हते; अनुभवाने ते त्यांच्या ध्यानी आले.

घाई न करणारे दोघे

या कथेचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग यापुढचा आहे. टिळकांनी पत्नीशी संबंध तोडला नाही. त्यांची पत्रे येत राहिली. त्या काळच्या रूढीप्रमाणे नवरा या नात्याने हक्क गाजवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. पण पत्नीने यावे ते तिच्या मनाने यावे, अशी त्यांची भूमिका राहिली. लक्ष्मीबाईंनीही राग धरला, बोल लावले, पण दार कायमचे लावून घेतले नाही.

अखेर काही वर्षांनी त्या मुलाला घेऊन पतीकडे, तेव्हाच्या अहमदनगरला आणि आताच्या अहिल्यानगरला गेल्या. त्या गेल्या त्या हिंदू म्हणूनच. आपला स्वयंपाक, आपले पाणी, आपले आचार त्यांनी पूर्वीसारखेच ठेवले आणि टिळकांनी ते मोडण्याचा हट्ट धरला नाही. एकाच संसारात दोन धर्म आणि दोन पाणवठे नांदू लागले. शेजारपाजाऱ्यांना ही तारेवरची कसरत वाटली असेल. पण तीतूनच त्या दोघांना एकमेकांकडे पुन्हा नव्याने पाहण्याची उसंत मिळाली.

लक्ष्मीबाईंच्या मनातील बदल सावकाश झाला. आधी शिवाशिवीचा प्रश्न त्यांना सतावू लागला. माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशी विचार केला आणि तो माणसानेच केला, या निष्कर्षाला त्या आल्या. ज्या घरात मीठसुद्धा धुतले जाई, त्या घरातल्या मुलीने एवढा पल्ला स्वतःच्या बळावर गाठावा, यात त्यांच्या मनाचे सामर्थ्य दिसते. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या निर्णयाशी कोणी सहमत व्हावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. निर्णय मात्र त्यांचा स्वतःचा होता आणि तो घेण्यासाठी लागणारा वेळ त्यांना मिळाला होता.

घराचा परीघ वाढला

पुन्हा जुळलेला हा संसार चौकोनी राहिला नाही. टिळकांना निराधार मुले दिसली, की ते त्यांना घरी घेऊन येत आणि त्यांच्या पोटाची चिंता लक्ष्मीबाईंवर पडे. प्लेगच्या साथीत, माणसे सख्ख्या नात्यातल्या रोग्यालाही हात लावायला धजत नसताना, त्यांनी आजारी मुलांची शुश्रूषा केली. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा हळवा, लहरी आणि मनाने अस्वस्थ तरुण या घरात राहिला. टिळकांनी त्याच्या प्रतिभेची पारख केली, तर लक्ष्मीबाईंनी त्याच्यातल्या मुलाला माया दिली. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वे अपघातात गेले, तेव्हा या घराने आपलेच मूल गमावले.

स्वतःच्या दुःखातून सावरलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख लवकर कळते, हे खरे. पण या कामाचा लक्ष्मीबाईंनाही आधार होता. हात कामात असले आणि आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीव असली, की मनाला आपल्याच व्यथेभोवती घिरट्या घालायला फार वेळ उरत नाही. अर्थात या परोपकाराची किंमत घरखर्चात मोजावी लागे. टिळकांच्या उदारपणाला लगाम घालणे, गाठीला चार पैसे ठेवणे आणि प्रसंगी पतीशी त्यावरून भांडणे, हेही त्यांनी केले. प्रेम म्हणजे सगळ्याला होकार, असा भोळा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही.

एकटेपण आणि लेखणी

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. एकदा मनाविरुद्ध वाट्याला आलेला विरह आता कायमचा झाला. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीचे होते. पोटासाठी त्यांनी वसतिगृहाच्या देखरेखीचे काम केले, काही काळ मुलासह कराचीत काढला आणि पुढे नाशिकला परतल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. ते ११ अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि ६४ अध्यायांची भर घातली. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पुरा केला. गेलेल्या माणसाचे अर्धे राहिलेले काम पुढे चालवणे, हीही शोक पचवण्याची एक रीत असते.

'स्मृतिचित्रे'चा जन्मही असाच झाला. वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्तांनी आईकडे आठवणी मागितल्या. आई लिहू लागली आणि टिळकांच्या चरित्राच्या साधनातून तिचे स्वतःचे आयुष्य साकार झाले. 'संजीवनी' साप्ताहिकातून या आठवणी प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९३४ पासून पुस्तकाचे भाग निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. शेवटचा भाग देवदत्तांनी पूर्ण केला. १९५० मध्ये जोसेफिन इंकस्टर यांचा आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. विजया मेहता यांनी या पुस्तकावर चित्रपटही केला.

पुस्तकात सर्वाधिक मोहवतो तो विनोद. ज्या नवऱ्याने एकदा न विचारता आयुष्य उलटेपालटे केले, त्याच्याविषयी लिहिताना त्या चिडतात, हसतात, अभिमानाने बोलतात; कटुता मात्र कुठे साचलेली दिसत नाही. हा विनोद दुःख लपवण्यासाठी नाही. दुःख पूर्ण पाहून झाल्यावर आलेला तो मोकळेपणा आहे, आणि त्याचा पहिला बळी बहुधा त्या स्वतःच असतात.

आजच्या शहरी घरात प्रश्न वेगळे आहेत. दोघांच्या नोकऱ्या, लांबचा प्रवास, अपुरी झोप आणि एकाच खोलीत बसूनही न होणारे बोलणे. मन फारच खचले, तर समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत आज उपलब्ध आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. लक्ष्मीबाईंना ती सोय नव्हती. त्यांना आधार मिळाला तो बहिणीच्या घराचा, दुःख बोलून दाखवण्याच्या धैर्याचा आणि एकमेकांना वेळ देणाऱ्या नात्याचा. टिळक दांपत्याचे मतभेद शेवटपर्यंत मिटले नाहीत. पैशावरून, मुलांवरून, स्वभावावरून वाद चालूच राहिले. तरीही तो संसार टिकला. एकमताची वाट न पाहता त्यांनी एकमेकांशी बोलणे चालू ठेवले, यातच त्याचे रहस्य आहे.