सनद नसलेल्या वकीलबाई

मैत्रिणींनो, नळावरच्या भांडणातून मारहाणीची, धमकीची केस झाली, की बाईला पहिली धास्ती एकच असते. कोर्टात आपल्या बाजूनं बोलणार कोण? महिला मंडळाच्या कामात ही धास्ती मी कितीतरी जणींच्या डोळ्यांत पाहिलीय. अशा वेळी मला कॉर्नेलिया सोराबजी आठवतात.

कॉर्नेलियांचा जन्म 1866 चा, आपल्या नाशिकचा. वडील पारशाचे ख्रिस्ती झालेले, तर आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायच्या. लेक डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, तीही पहिल्या वर्गात! पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. कारण काय, तर ती मुलगी. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी हातात पडायला मात्र तीस वर्षं लागली.

मायदेशी परतल्या, तर बाईला वकिलीची सनदच नाही! पण गप्प बसतील तर त्या कॉर्नेलिया कसल्या. कोर्टाने परवानगी दिली, तर आरोपीतर्फे कुणालाही उभं राहता येईल, अशी वाट फौजदारी कायद्यात होती. तीच त्यांनी धरली. 1896 मध्ये पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका बाईची बाजू त्यांनी मांडली.

पुढे 1904 पासून बंगालमध्ये सरकारी नेमणुकीवर त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी काम केलं. परपुरुष वकिलाशी बोलायची सोय नसलेल्या सहाशेहून अधिक बायका-मुलांना त्यांनी मदत केली. स्त्रियांना वकिलीची दारं 1923 च्या कायद्याने उघडली, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. तरीही कोलकात्यात त्यांनी वकिली केलीच. इंग्रजी राज्याची बाजू घेऊन त्यांनी गांधीजींना विरोध केला, ते मनाला पटत नाही. पण म्हणून त्यांचं हे काम लहान होत नाही. 1954 मध्ये लंडनला त्या वारल्या.

आज सनद असलेल्या वकीलबाई गावोगावी आहेत. शिवाय 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार, कमाई कितीही असली तरी बाईला मोफत वकील मागता येतो. फिर्यादी असो की आरोपी! त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

शेजारणीवर केस झाली, तर ती दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवेल. आपण निदान तिच्यासोबत अर्ज द्यायला तरी जाऊ या ना!