जॉर्ज हंटिंग्टन : एका व्याधीची वंशावळ

इ.स. १८५८ च्या सुमारास, इकडे झाशीचा किल्ला इंग्रजांशी झुंजत असताना, अमेरिकेतील लाँग आयलंडवर एक आठ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर रुग्णांच्या भेटीस निघाला होता. वाटेत त्यास दोन मायलेकी दिसल्या. दोघीही उंच व कृश. दोघींची अंगे नकळत वळत होती, चेहरे वेडेवाकडे होत होते. हे दृश्य त्याच्या मनातून कधीच पुसले गेले नाही. हाच मुलगा पुढे डॉ. जॉर्ज हंटिंग्टन म्हणून वैद्यकाच्या इतिहासात अमर झाला.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८५० रोजी ईस्ट हॅम्प्टन येथे झाला. आजोबा व वडील तेथेच वैद्यकी करीत. आजोबांनी ज्यांच्यावर उपचार केले, त्यांचीच मुले-नातवंडे वडिलांकडे येत. व्याधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तशीच ती पाहणारी दृष्टीही. १८७१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन हंटिंग्टन यांनी पुढील वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कोरिया या विकारावर निबंध वाचला. त्याच्या अखेरच्या थोड्या ओळींतच खरा शोध होता. ही व्याधी आनुवंशिक असते, प्रौढ वयातच उग्र रूप धारण करते आणि बुद्धिभ्रंश व आत्मघात यांकडे झुकते. अपत्य त्यातून सुटले, तर त्याच्या वंशापुरता धागा तुटतो. मेंडेलचे नियम तेव्हा दुर्लक्षितच होते.

पुढील आयुष्य त्यांनी खेड्यांतील साध्या वैद्यकीत घालविले. ३ मार्च १९१६ रोजी ते निवर्तले.

बोटांची चुळबुळ, चेहऱ्याचे सूक्ष्म स्फुरण, बदललेला स्वभाव ही या व्याधीची आरंभीची चिन्हे. ती सहज नजरेआड होतात. म्हणूनच घराण्याचा इतिहास निदानाचा आधार ठरतो. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया व डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये हाच मार्ग अनुसरला. नऊ कुटुंबे पाहून त्यांनी तोल जाणे व डोळ्यांची हालचाल मंदावणे ही लक्षणे असलेला एक निराळा आनुवंशिक विकार वर्णिला.

हंटिंग्टन यांच्या व्याधीचे जनुक १९९३ मध्ये सापडले. आता रक्ताच्या तपासणीने लक्षणांपूर्वीच निदान होते. परंतु व्याधी बरी करणारे औषध नाही. आई किंवा वडील व्याधिग्रस्त असलेल्या प्रत्येक अपत्यास ती होण्याची शक्यता निम्मी असते. आपले भवितव्य जाणून घ्यावे की नाही, हा निर्णय त्यालाच करावा लागतो.