कुर्ल्याची मोटार आणि शेठ वालचंद

घाटकोपरहून कुर्ल्याकडे जाताना लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी एका मोठ्या कारखान्याचा भोंगा ऐकू येत असे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स हे त्या कारखान्याचे नाव. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या धावलेली ‘पद्मिनी’ याच कारखान्यात जन्मली. त्या टॅक्सीतून आपल्या आईवडिलांनी कधी ना कधी प्रवास केला असेलच. पण ती ज्या माणसाच्या ध्यासातून उभी राहिली, त्या वालचंद हिराचंद यांचे चरित्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्याची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे गुजराती जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा वडिलोपार्जित व्यवसाय. १८९९ साली ते मॅट्रिक झाले, महाविद्यालयातही गेले. परंतु पदवीपर्यंत त्यांची मजल गेली नाही. पेढीवर बसून व्याज मोजण्यातही त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत ठेकेदारी सुरू केली. बार्शी लाईट रेल्वेवरील येडशी ते तडवळ या टप्प्याचे काम ही त्यांची सुरुवात. एकाजवळ रेल्वेच्या कामाची माहिती, दुसऱ्याजवळ भांडवल आणि धाडस. अशी ही जोडी जमली. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत या कामाचा व्याप वाढला.

जमिनीवर रूळ टाकणाऱ्या या माणसाची नजर नंतर समुद्राकडे वळली. पहिले महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेण्यात आली. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. परक्या कंपन्यांनी दर पाडून या नव्या प्रतिस्पर्ध्याला बुडविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, परंतु सिंदिया तगली. आज ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो या प्रवासाच्या स्मरणार्थच. १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर सरकारच्या साहाय्याने विमानांचा कारखाना निघाला आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणला जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसली. या दोन्ही कामांमागे वालचंदच होते.

मोटारीची कथा मात्र सर्वांत जिकिरीची. देशात मोटारी धावत होत्या. शिवडीला एका अमेरिकन कंपनीने १९२८ पासूनच जुळणीचा कारखाना चालविला होता. पण तेथे होई ती केवळ जुळणी. सुटे भाग परदेशांतून यायचे, आपले कामगार ते जोडायचे. मोटारीचा खरा आत्मा म्हणजे तिचे इंजिन. ते बाहेरूनच येत असे. सर विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात भारतीय मोटार-कारखान्याची योजना आखली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते; पण १९३९ साली त्याने राजीनामा दिला. फोर्डशी बोलणी फिसकटली, तेव्हा वालचंदांनी क्रायस्लरशी करार केला. दिल्लीच्या सरकारने युद्धकाळात पाठबळ दिले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या गाड्या डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन थाटाच्या होत्या. त्यांचे सहा सिलिंडरचे इंजिन साडेतीन लिटरच्या आसपासचे. जेथे पेट्रोल स्वस्त आणि रस्ते सरळ व लांब, अशा देशासाठी ते योग्यच होते. आपल्याकडे मात्र गाडी कुर्ल्याच्या फाटकापाशी थांबायची, अंधेरीच्या बाजारात रखडायची. उभ्या गाडीचे मोठे इंजिन मोठ्या तोंडाने पेट्रोल पिते. कंपनीने १९५१ च्या सुमारास इटलीच्या फियाटशी संबंध जोडले, त्यामागचे मर्म येथे ध्यानात येते. आधी पाचशे सत्तर सी. सी.च्या घरातील छोटी फियाट आली आणि १९५४ पासून १०८९ सी. सी.ची ‘अकराशे’. तिचाच वारसा पुढे पद्मिनीकडे आला. मोटार परवडायची असेल, तर तिचे इंजिन रस्त्याला साजेसे हवे, हा धडा त्यातून मिळाला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा त्याची किंमत सर्वांनाच कळली.

छोटे इंजिनही निगा राखली तरच काटकसरी राहते. उपनगरातील कुठल्याही जुन्या गॅरेजातला मिस्त्री हे सांगू शकेल. कार्ब्युरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. पेट्रोल जास्त झाले, की प्लग काजळतो, धूर काळा होतो आणि अॅव्हरेज घसरते. ते कमी झाले, की प्लग पांढरट पडतो आणि गाडी झटके मारते. प्लग तपकिरी दिसला, की मिश्रण जमले असे समजावे. पॉइंटमधली फट आणि ठिणगीचे टायमिंग यांचेही तसेच. ठिणगी फार आधी पडली, तर इंजिन ठोकू लागते. उशिरा पडली, तर जोर जातो आणि इंजिन तापते. स्वस्तातले म्हणून रॉकेल मिसळणारे ज्याला बचत समजतात, ती इंजिन खाऊन टाकणारी उधळपट्टीच असते. रॉकेलामुळे ठोकणे वाढते आणि खालचे ऑइल पातळ होते. पुढे गॅसवर चालणाऱ्या टॅक्सी आल्या. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यावर अनेक पद्मिनींनी हे इंधन स्वीकारले. गॅस ठोकत नाही, धूरही कमी; मात्र तो सिलिंडरमधली हवेची जागा अडवतो, म्हणून चढावर जोर थोडा कमी पडतो. तो सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. इंधन बदलले की इंजिनाची जुळणीही बदलावी लागते, हा त्यातला साधा नियम.

‘अकराशे’ रस्त्यावर आलेली पाहणे मात्र शेठजींच्या नशिबी नव्हते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरविले, की ज्यांना येथे भाग बनवायचे नाहीत, केवळ जोडायचे आहेत, त्यांना या धंद्यात स्थान नाही. परदेशी जुळणीवाले निघून गेले आणि कुर्ल्याचा कारखाना राहिला. वालचंदांचा आग्रह खरा ठरला, पण त्यांच्या पश्चात.

या कथेला दुसरी बाजूही आहे. स्पर्धा संपली आणि परवाने मोजके राहिले, तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. इटलीने केव्हाच मागे टाकलेले इंजिन आपण दशकानुदशके बनवीत राहिलो. स्वतः बनवायला शिकणे ही पहिली पायरी. शिकल्यावर सुधारणे ही दुसरी. पहिली चढून आपण बराच काळ तेथेच बसून राहिलो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्याचा दोष वालचंदांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. रूळ, आगबोट, विमान आणि मोटार असा ज्याचा प्रवास, तो माणूस एका पायरीवर बसणाऱ्यांपैकी नव्हता.

आज कुर्ल्याचा तो भोंगा शांत आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. इंजिनाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने एवढेच आठवावे, की या देशात मोटार बनवण्याचा हट्ट धरणाऱ्या माणसाजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती, किंबहुना कोणतीच पदवी नव्हती. त्याच्याजवळ होता तो एक प्रश्न : हे आपल्याला का करता येऊ नये? पदवी हाती पडण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारून पाहावा.