आचार्य वसुबंधू आणि मनाचे कोठार

उपासक-उपासिकांनो, कधी कधी आपल्याच तोंडून असा शब्द निघतो की आपणच चपापतो. हे आलं कुठून, ते कळत नाही. या प्रश्नाच्या मुळाशी गेलेले थोर आचार्य म्हणजे वसुबंधू.

इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास पुरुषपूर, म्हणजे आजचे पेशावर, येथे त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू असंग हेही भिक्खू होते. सहाव्या शतकात चीनला गेलेल्या परमार्थांनी वसुबंधूंचे चरित्र लिहिले. त्यात अशी हकिगत आहे : वसुबंधू रोज प्रवचन देत आणि त्या दिवसाचे सार एका श्लोकात बांधत. तो श्लोक ताम्रपटावर कोरून, हत्तीवर बांधून, नगारा वाजवत खंडनाचे आव्हान देत. सहाशेच्या वर श्लोक झाले, पण कुणीच ते खोडू शकले नाही. तोच 'अभिधर्मकोश'.

मात्र महायानाला ते कमी लेखत, बोलूनही दाखवत. असंगांनी आजारपणाचा निरोप धाडून त्यांना बोलावून घेतलं आणि समजावलं. वसुबंधूंना इतका पश्चात्ताप झाला की ते जीभच कापायला निघाले. असंग म्हणाले, जीभ कापून दोष जाणार नाही. त्याच जिभेनं आता धम्म समजावून सांग.

पुढे 'त्रिंशिका' या तीस श्लोकांच्या ग्रंथात त्यांनी आलयविज्ञान मांडलं. ही शिकवण असंगांच्या ग्रंथांत आधीच होती. वसुबंधूंनी ती नेटकी बांधली. पाच इंद्रियांची विज्ञानं आणि सहावं मनोविज्ञान, यांच्या खाली 'मी, मी' करणारं क्लिष्ट मन आहे आणि त्याच्याही तळाशी आलय, म्हणजे कोठार. आपलं प्रत्येक कर्म तिथे बीज टाकतं. आपल्याला ते दिसत नाही. झोपेतही तो प्रवाह थांबत नाही. अपमान विसरलो असं आपण म्हणतो. पण दहा वर्षांनी त्या माणसाचा साधा नमस्कारही टोमणा वाटतो. नमस्कार साधाच असतो, जुनं बीज उगवलेलं असतं.

मग सुटका नाही का? आहे. कोठारही सतत बदलत असतं. ते मुळापासून पालटतं, त्याला आश्रयपरावृत्ती म्हणतात. जीभ कापून बीज मरत नाही, नवं पेरावं लागतं. हे वसुबंधूंनी आधी जगून दाखवलं, मग लिहिलं.

परमार्थांच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशीव्या वर्षी अयोध्येत त्यांचे निधन झाले. 'त्रिंशिके'ची संस्कृत पोथी नेपाळात सापडली. सिल्व्हाँ लेव्ही यांनी ती १९२५ साली पॅरिसहून प्रसिद्ध केली.

तेव्हा राग येईल, त्या क्षणी समोरच्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या कोठारात एकदा डोकावून पाहू या. आचार्यांना हेच खरे अभिवादन.