पहाटेची नीरा आणि कमलाबाई

झाड तेच, मडके तेच, रसही तोच. पहाटे उतरवला तर नीरा, ऊन चढेपर्यंत राहू दिला तर ताडी. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या हद्दीत पश्चिमेला डहाणू-पालघरच्या किनारपट्टीवर ताड उभे आहेत, तर पूर्वेला शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारांवर मोह. मोहाचीही गोष्ट वेगळी नाही. पहाटे झाडाखाली पडलेली गोड फुले वेचून वाळवली तर पोटाला आधार, आंबवून भट्टीवर चढवली तर दारू. आदिवासी पट्ट्यातल्या या झाडांकडे शहरी माणूस बहुधा दारूचे झाड म्हणूनच पाहत आला. त्यातल्या ताडाच्या रसाकडे अन्न म्हणून पाहणाऱ्या आणि ते प्रयोगशाळेत तपासून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. माहेरचे आडनाव भागवत. लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे या विषयाची गोडी घरातच लागली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष केवळ चाचणीचे राहणार होते आणि मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे होते. वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि पुढे त्या संस्थेची दारे मुलींसाठी उघडली.

तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. गरिबाच्या ताटात जे रोज पडते, त्यात नेमके काय आहे, हा प्रश्न त्यांनी नंतर कधी सोडला नाही. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवून दिले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे हे प्रथिन आहे. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. मायदेशी परतून त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

नीरेचे काम हाती आले ते इथे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ते सुचवले होते. मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि ताडावर चढणाऱ्यांचे पोट त्या रसावरच चालत होते. तो रस अन्न म्हणून कितपत उपयोगी, हे कोणीतरी मोजायला हवे होते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही ही द्रव्ये टिकतात, असेही दिसून आले. आदिवासी भागातील कुपोषित मुलांना आणि गर्भवतींना स्वस्तातला पूरक आहार म्हणून नीरेची शिफारस झाली ती या अभ्यासांतून. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरेची ताडी होते तरी कशी? ताडाच्या फुलोऱ्याला काप दिला की झिरपणाऱ्या रसात साधारण दहा टक्क्यांहून अधिक साखर असते. हवेतले, सालीवरचे आणि जुन्या मडक्यातले यीस्ट त्यावर तुटून पडते. यीस्टच्या पेशीतही सायटोक्रोम असते आणि तीही श्वसन करू शकते. पण एवढी साखर समोर आली की ती झटपट मार्ग धरते, म्हणजे साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. उन्हाच्या उबेने हे काम आणखी वेगाने होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, रस रात्री गोळा करतात, सूर्योदयापूर्वी उतरवतात आणि लगेच थंड करतात. चुन्यामुळे सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते.

हा बदल जिभेलाही कळतो. ताजी नीरा स्वच्छ, गोड आणि मंद सुवासाची असते. काही तासांत ती पांढुरकी होते, फेस धरते, गोडी उतरते आणि आंबटपणा चढतो. तोवर त्यात बिअरइतके अल्कोहोल आलेले असते. आणखी थांबले तर त्याचा शिरका होतो. बिअरही याच वाटेने तयार होते, फक्त तिथे साखर मोड आणलेल्या बार्लीतून येते आणि कडवटपणा हॉप्सच्या फुलांतून. अमेरिकेतल्या छोट्या कारखान्यांच्या ज्या ‘क्राफ्ट बिअर’चे रसिक संत्र्याचा, फुलांचा किंवा राळेचा गंध वाखाणतात, तो गंध बराचसा या हॉप्सचा आणि काही प्रमाणात निवडलेल्या यीस्टचा असतो. ताडाच्या मडक्यात मात्र यीस्ट कोणी निवडत नाही. ते आपणहून येते, म्हणून दर मडक्याची चव निराळी. पण चव कितीही रंगली, तरी अल्कोहोल हे कुपोषित मुलाचे किंवा गर्भवतीचे अन्न होऊ शकत नाही. कमलाबाईंचे काम फक्त पहाटेच्या पेल्यापुरते होते.

पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. आरेच्या दुधाच्या दर्जासाठी त्यांनी सल्ला दिला, ग्राहक चळवळीत भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या लोकांना शिकवल्या. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

नीरा विकत घेताना त्यांच्या कामातून घेण्यासारखे बरेच आहे. फेसाळ किंवा आंबूस वासाची नीरा घेऊ नये, घेतलेली लगेच प्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी त्यातली साखर विसरू नये. आणि नीरा ही जेवणाला जोड आहे, जेवण नव्हे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचली जातात, तीही आधी अन्नच असतात. त्यांचे पुढे काय होते, हे झाड ठरवत नाही.