निवडीचे गणित मांडणारे जॉर्ज बूल

भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकावरून नागपूरला जाऊ इच्छिणारा प्रवासी आज मोबाईलवर गाड्यांची यादी उघडतो. सकाळची वेळ, स्लीपर वर्ग, जागा शिल्लक अशा अटी तो एकेक करून निवडतो आणि यादी लहान होत जाते. प्रवासी कोणत्या अटी निवडेल, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी ठाऊक नसते. तरीही उत्तर अचूक मिळू शकते, कारण निवडीच्या क्रियेलाही गणिताचे नियम आहेत. जॉर्ज बूल या इंग्रज शिक्षकाने ते १८४७ मध्ये मांडले.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे झाला. वडील पादत्राणे बनवीत. त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता. धंद्यात मात्र यश आले नाही. कुटुंबाचा भार अंगावर आल्याने बूल सोळाव्या वर्षीच शिक्षक झाले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. उच्च गणित त्यांनी स्वाध्यायाने आत्मसात केले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने पदक देऊन त्यांचा गौरव केला. पदवी नसतानाही १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

मदुराई येथे जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन आणि तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांच्यातील वादामुळे बूल तर्कशास्त्राकडे वळले. १८४७ च्या त्यांच्या पुस्तिकेत अक्षर हे संख्येचे नव्हे, तर निवडीच्या क्रियेचे चिन्ह होते. समूहातून अट पूर्ण करणाऱ्या वस्तू वेगळ्या काढणे, हा त्याचा अर्थ. दोन अक्षरांचा गुणाकार म्हणजे एका निवडीवर दुसरी निवड. क्रम बदलला तरी उत्तर तेच राहते. तीच अट दोनदा लावली तरी फरक पडत नाही. १ म्हणजे संपूर्ण समूह, ० म्हणजे रिकामा. एकातून अट वजा केली की तिच्याबाहेरच्या वस्तू उरतात.

आजचा प्रोग्रामर याच वाटेने जातो. अट यादीत पक्की न बसवता तो ती स्वतंत्र ठेवतो. प्रारंभ १ पासून, म्हणजे सर्वांना सामावणाऱ्या अटीपासून होतो आणि वापरकर्त्याने निवडलेली प्रत्येक अट तिला जोडली जाते. काहीच निवडले नाही, तर संपूर्ण यादी समोर येते.

१८५४ मध्ये बूल यांनी विचारांच्या नियमांवरील ग्रंथात हा सिद्धांत विस्ताराने मांडला. पुढील वर्षी त्यांचा विवाह भारताचे माजी महासर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी मेरी यांच्याशी झाला. त्यांना पाच मुली झाल्या. नोव्हेंबर १८६४ मध्ये पावसात भिजत ते महाविद्यालयात गेले आणि ओल्या कपड्यांतच त्यांनी व्याख्यान दिले. त्यानंतरच्या आजारपणात ८ डिसेंबर रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. धाकटी मुलगी तेव्हा अवघ्या काही महिन्यांची होती.

हे बीजगणित विजेच्या मंडलांना लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये दाखविले. बूल यांच्या निधनाला तेव्हा ७३ वर्षे होत आली होती.