बर्फ नसलेला नाताळ: रेव्ह. टिळकांनी काय केलं?

आजचं वाचन: लूक, अध्याय 2, वचने 1 ते 20



डिसेंबर लागला की आपल्या तरुण संघात नाटुकली आणि नाताळच्या गोष्टी लिहायची धांदल सुरू होते. गोष्ट कोणाचीही असो, पहिल्याच परिच्छेदात बर्फ पडतो, मग चिमणीतून धूर निघतो. गोंदियात कधी बर्फ पडलाय का? आपल्याकडे या दिवसांत धान कापून झालेलं असतं, शेतात पुंजणे रचलेले असतात आणि रात्री शेकोटीभोवती गप्पा रंगतात.

गोष्टींमधला हा बर्फ आला कुठून? त्यात चार्ल्स डिकन्सचा वाटा मोठा आहे. त्याचं नाताळवरचं गाजलेलं छोटं पुस्तक 1843 सालचं. त्याचं बालपण इंग्लंडच्या कडक हिवाळ्यांत गेलं. तो जवळजवळ दोन वर्षांचा असताना, 1814 मध्ये, थेम्स नदी इतकी गोठली की लोकांनी तिच्यावर जत्रा भरवली. म्हणजे त्यानं आपल्या अंगणातलंच लिहिलं. आपण मात्र त्याचं अंगण उचलून आणतो. आजचा अध्याय नीट वाचा. त्यात बर्फ कुठेच नाही. सरकारी नावनोंदणीसाठी केलेला प्रवास आहे, गव्हाण आहे, रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत.

हे ज्याला नेमकं कळलं होतं असा एक मराठी माणूस म्हणजे नारायण वामन टिळक. जन्म 6 डिसेंबर 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई लहानपणीच गेली. मुलगा घर सोडून नाशिकला आला, संस्कृत शिकला, कविता करू लागला. 1880 च्या सुमारास लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. पण एका गावात, एका नोकरीत टिकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मनात सतत शोध चालू: देव कसा आहे, आणि माणसामाणसांत भेद कशाला?

1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले. ही आपलीच लाइन, गोंदियावरून जाणारी! (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं.) डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. संस्कृत काव्यावरून बोलणं सुरू झालं आणि धर्मावर आलं. उतरण्यापूर्वी त्यानं टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना पुस्तक फारसं आवडलं नव्हतं, पण शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना पुढे सरकवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढची गोष्ट सोपी नाही. नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या, जवळजवळ पाच वर्षं. मग त्या अहमदनगरला परत आल्या, पण विश्वास मात्र त्यांनी आपल्या पायांनी चालत गाठला. 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांनी त्यांच्यावर घाई लादली असती तर हे घर पुन्हा उभं राहिलं असतं का, असं मला नेहमी वाटतं.

त्या काळी मंडळीत परदेशी चालींवर बसवलेली गीतं खूप असायची. शब्द मराठी, पण चाल आणि चित्रं परकी. ॲपवर काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल: बटणांवरची अक्षरं बदलली म्हणजे ॲप मराठी होत नाही. टिळकांनी वरवरचं भाषांतर केलं नाही. त्यांनी मुळापासून लिहिलं. अभंग, ओवी, कीर्तन, टाळ-मृदंग. तुकोबांच्या वाटेनं चालत आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. त्यांची शेकडो गीतं आजही आपल्या उपासनेत गातात. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी साहित्यानं त्यांना ओळखलं, आणि तरुण बालकवींना त्यांनी आपल्या घरात ठेवून घेतलं.

शेवटच्या वर्षांत, 1917 मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तामागे चालू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी ती बैठक होती. 9 मे 1919 ला मुंबईत ते प्रभूकडे गेले.

मागे राहिलं अपुरं ख्रिस्तायन. ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांमध्ये. टिळकांचे पहिले दहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या! कधीकाळी याच ख्रिस्तामुळे त्यांचा संसार मोडला होता. त्याच ख्रिस्ताची गोष्ट त्यांनी घरच्या भाषेत पुढे नेली. त्या 1936 मध्ये गेल्या, आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

म्हणून या नाताळात लिहायला बसलात तर एकच करून बघा. बर्फ बाजूला ठेवा. तुमच्या गावातली गव्हाण कशी दिसते? आमच्याकडे तिच्यात तणस असते, हिवाळ्याच्या पहाटे ओली आणि थंड. बाळ तिथे निजलंय, हे लिहिताना हात थोडा थांबतो. तो आपल्या घरात आलाय, हे तेव्हाच खरं वाटतं.

मननासाठी: माझ्या घरातली, माझ्या बोलीतली अशी कोणती जागा आहे, जिथे मी ख्रिस्ताला अजून येऊ दिलेलं नाही?

प्रार्थना: प्रभू, तू परक्या मुलखातून पाहुणा म्हणून आला नाहीस, आमच्यात राहायला आलास. आमच्या शेतात, आमच्या भाषेत, आमच्या मोडलेल्या नात्यांतही ये. आमेन.